खोकल्याचं औषध आणि डोपिंग: खेळाडूने बाटली कशी तपासावी

2019 मध्ये मुंबईकर क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे खेळाडूंना निषिद्ध असलेलं द्रव्य सापडलं. ते खोकल्याच्या औषधातून पोटात गेलं, हा त्याचा खुलासा बीसीसीआयने मान्य केला. आठ महिन्यांची बंदी मात्र टळली नाही. हा न्याय की अन्याय, यावर मतं टोकाची आहेत. नियम कडक आहे खरा, पण 'माहीत नव्हतं' म्हणून सुटका होऊ लागली तर प्रत्येकाच्या किटमध्ये खोकल्याची बाटली निघेल.

म्हणून बाटलीवरचं ठळक नाव सोडा आणि खालची बारीक अक्षरं वाचा. एकाच नावाला 'प्लस', 'डी', 'एलएस' अशी शेपटं जोडलेली असतात आणि प्रत्येकातले घटक वेगळे. कफ सुटण्याच्या औषधांत टर्ब्युटालिन, साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल दिसलं तर बाटली परत करा. पोटात घेतल्यास ही कायम निषिद्ध आहेत, सराव असो वा सामना. साल्ब्युटामॉलचा इनहेलर चालतो, पण 8 तासांत 600 आणि 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅमपर्यंतच. 100 मायक्रोग्रॅमचा पफ असेल तर 8 तासांत सहाच.

सर्दीच्या गोळीतलं स्युडोएफेड्रिन फक्त स्पर्धाकाळात अडचणीचं. हा काळ साधारणपणे आदल्या रात्री 11:59 लाच सुरू होतो, त्यामुळे शेवटची गोळी आणि स्पर्धा यांत किमान 24 तास ठेवा. गुडघ्यात किंवा कमरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणार असाल तर औषधाचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड सांध्यात दिलं तर स्पर्धेआधी 10 दिवस, स्नायूत दिलं तर तब्बल 60 दिवस थांबावं लागतं.

कुस्तीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो वजनाच्या वेळी. वजन उतरवायला लघवीची गोळी (फ्रुसेमाइड) आणि वजन झाल्यावर 'ताकदीसाठी' सलाईन, दोन्ही नियमाबाहेर. 12 तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन निषिद्ध आहे आणि नेहमीची बाटली असते 500 ची. आत केवळ मीठपाणी असलं तरी नियम तोच. रुग्णालयात दाखल होऊन उपचार चालू असतील तर गोष्ट वेगळी. डिस्चार्जचे कागद जपा.

घटक कळला की तो नाडाच्या (भारताची डोपिंगविरोधी संस्था) 'नो युअर मेडिसिन' ॲपवर शोधा. वाडाची (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) निषिद्ध यादी दर 1 जानेवारीला बदलते, तेव्हा गेल्या वर्षीच्या उत्तरावर विसंबू नका. निषिद्ध औषधाला पर्यायच नसेल तर स्पर्धेच्या किमान 30 दिवस आधी टीयूईचा, म्हणजे उपचारासाठी ते औषध घेण्याच्या परवानगीचा, अर्ज करा. नुसती डॉक्टरांची चिठ्ठी परवानगी ठरत नाही.

प्रोटीनच्या डब्याची खात्री लेबलवरून होत नाही, भेसळ लेबलवर छापत नाहीत. घ्यायचंच असेल तर निषिद्ध द्रव्यांसाठी बॅच तपासलेला डबा घ्या, बिल ठेवा आणि त्याच बॅचचा एक सीलबंद डबा बाजूला काढा. डोपिंग चाचणीच्या फॉर्मवर मागच्या 7 दिवसांतली प्रत्येक गोळी, सिरप, पावडर लिहा, मात्रेसकट.