वाळवंटात सायकलवर मुक्कामी जाताय? या चुका टाळा

नकाशावर ७० किलोमीटरचा टप्पा दिसला की डोक्यात लगेच गणित सुटतं: ताशी पंधराने पाच तास, दुपारच्या आत पोचलो. डांबरी रस्त्यावर हे ठीक आहे. मऊ वाळू लागली की सायकलवरून उतरून ती ढकलावी लागते, आणि वेग ताशी तीन-चार किलोमीटरवर येतो. पाणी, खाणं, बॅटरी सगळं त्या पाच तासांच्या भरवशावर घेतलेलं असतं. पुढच्या बहुतेक फजित्यांचं मूळ तिथेच असतं.

किलोमीटर मोजणं

मोजायचे ते तास, आणि तेही एका पाणवठ्यापासून पुढच्या पाणवठ्यापर्यंतचे. उपग्रह नकाशावर वाट बारकाईने पाहा. कडक जमीन, लाटालाटांचा खडखडाटी रस्ता आणि वाळू यांचे तुकडे वेगळे करून प्रत्येकाला वेगळा वेग द्या. जी बेरीज येईल तिच्यात मी आणखी निम्मी मिळवतो. उलटा वारा सुटला तर तीही कमी पडते.

ऋतूचाही विचार इथेच करा. ऑस्ट्रेलियाच्या सिम्पसन वाळवंटातलं राखीव क्षेत्र उन्हाळ्यातल्या जीवघेण्या उकाड्यामुळे दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च बंद ठेवतात. गाड्या घेऊन येणाऱ्यांनाही तेव्हा तिथे जाता येत नाही, मग सायकलवाल्याने वेगळी हिंमत दाखवण्यात अर्थ नाही.

पाण्याचं वजन पाहून पाणीच कमी करणं

उन्हात पायडल मारताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. सहा तास सायकल, वर मुक्कामाचं पिणं आणि स्वयंपाक धरला, तर दिवसाला सात-आठ लिटर लागतं. मध्ये पाणी नसलेले दोन दिवस असतील तर पंधरा लिटर, म्हणजे सरळ पंधरा किलो. हा आकडा पाहून लोक चार लिटर काढून ठेवतात आणि कॅम्पची खुर्ची मात्र घेतात! काढायची ती खुर्ची, जादा कपडे, दुसरं भांडं.

पाणी घालून फुगवायचं कोरडं जेवण हलकं म्हणून भरलं जातं. पण कोरड्या टप्प्यावर ते फुगवायचं पाणीही तुम्हालाच वाहून न्यायचं असतं, त्यामुळे तिथे वजन काही वाचत नाही. ज्याचं पाणी शिजवून ओतून द्यावं लागतं, ते तर नकोच.

सगळं पाणी एकाच पिशवीत भरू नका. एका काट्याने किंवा घासल्याने ती फुटली की सफर संपली. निदान दोन कडक बाटल्या हव्यातच. जड पाणी फ्रेमच्या त्रिकोणात, जितकं खाली बसेल तितकं चांगलं. सीटमागच्या बॅगेत भरलं तर शेपूट हलत राहतं, हँडलवर लादलं तर पुढचं चाक वाळूत रुततं. फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, बाटल्या लावायच्या असतील तर केजची (बाटली धरणाऱ्या पिंजऱ्याची) वजनमर्यादा आधी वाचा. बऱ्याच केजना ती एका बाजूला ३ किलोच असते.

नकाशावरचा निळा ठिपका म्हणजे पाणी नव्हे. विहीर आटलेली असेल, नाहीतर खारी. फिल्टरने जंतू जातात, मीठ जात नाही. त्या वाटेने नुकत्याच गेलेल्या कुणाला तरी विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर तो ठिपका हिशेबातून खोडा.

पुरवून पुरवून पिणं, किंवा नुसतंच पाणी पिणं

घोट वाचवले म्हणून शरीराची गरज घटत नाही. घाम वाचवा: उजाडायच्या आत निघा, अकरा ते चार सावलीत पडून राहा, सैल पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. लघवी गडद आणि कमी होत असेल तर पाणी कमी पडतंय. याउलट भरपूर पाणी पिऊनही डोकं ठणकतंय, मळमळतंय, बोटं सुजली आहेत, लघवी पाण्यासारखी होतेय, तर रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. अशा वेळी आणखी साधं पाणी ढोसलं तर हाल वाढतात. पिणं थांबवा, खारट काहीतरी खा. ओआरएसची पाकिटं आधीपासून, दिवसभर थोडी थोडी वापरायची असतात. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला तर लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि मदत बोलवा. तिथे पाण्याची काटकसर करू नका.

टायर कडक, सीलंट जुनं

मेक्सिकोतल्या बाहा डिव्हाइड या सुमारे २,७०० किलोमीटरच्या वाटेसाठी ३ इंची ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर सुचवतात, ते उगीच नाही. पुढचं चाक वाळूत नांगरासारखं घुसत असेल तर हवा काढा. कडक वाटेवर हवेचा दाब १५ पीएसआयच्या आसपास असेल तर वाळूत १० पर्यंत उतरवून पाहा, सामानाच्या वजनाप्रमाणे थोडं पुढेमागे. खडक आले की पुन्हा भरा, म्हणून पंप चांगला हवा.

सीलंट म्हणजे ट्यूबलेस टायरच्या आत ओततात ते भोकं बुजवणारं द्रव. कोरड्या उष्ण हवेत ते लवकर वाळतं. निघण्याआधी टायर उघडून बघा, छोटी बाटली जवळ ठेवा. सराट्यांनी भरलेला टायर दिसला की काटे उपटायची घाई नको. हवा धरून असेल तर मुक्कामापर्यंत तसंच जाऊ द्या. पंक्चर किटमधली सोल्यूशनची ट्यूब आधी उघडलेली असेल तर ती आत सुकलेली निघते. नवीच घ्या.

चेनला घट्ट ओलं तेल लावलं की वाळू चिकटून त्याची पॉलिश पेस्ट होते. मेणाचं किंवा ड्राय ल्यूब वापरा, संध्याकाळी कोरड्या ब्रशने झटका. खडखडाटी रस्त्यावर स्क्रू सुटतात, तेव्हा कॅरियर-केजना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि रोज मुक्कामाला सगळे तपासा.

रात्र आणि मदत

दिवसा भाजणारी जागा रात्री कडाक्याची गारठते, म्हणून उबदार जॅकेट काढून ठेवू नका. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नका. पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात.

फोन उन्हात तापून बंद पडतो, म्हणून छापील नकाशा आणि उपग्रह मेसेंजर (मोबाइल नेटवर्क नसतानाही निरोप पाठवणारं यंत्र) बरोबर असू दे. परत फिरायची खूण निघण्याआधी ठरवा: अर्धं पाणी संपलं आणि टप्पा अर्धा झाला नसेल, तर मागे वळायचं. घरच्यांना किंवा मित्राला वाट, मुक्काम आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा, हे लिहून द्या.