चित्र संतेला निघण्याआधी

जानेवारीतल्या एका रविवारी बेंगळुरूचा कुमार कृपा रोड वाहनांना बंद होतो आणि सकाळपासून रात्रीपर्यंत रस्त्याच्या कडेने चित्रंच चित्रं लागतात. कर्नाटक चित्रकला परिषदेची ही ‘चित्र संते’, म्हणजे चित्रांचा बाजार, २००३ पासून भरते. देशभरातून हजाराच्या वर कलाकार येतात, बघणाऱ्यांचा आकडा लाखांत जातो. कोल्हापूर-सांगलीकडून, पुण्याकडूनही चित्रकार जातात. तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर ही तयारीची यादी तुमच्यासाठी. मी जलरंगात काम करते, त्यामुळे कागदावरच्या कामाबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

यादी करताना मी एकच माणूस डोळ्यांपुढे ठेवला आहे. ज्याने आजवर एकही चित्र विकत घेतलेलं नाही, तो. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्या चढायला जो बिचकतो, तोच इथे बायकामुलांना घेऊन दोन-तीन तास रमतो. त्याला किंमत विचारायचा संकोच असतो. चित्र घरी न्यायचं कसं, भिंतीला लावायचं कसं, रंग उडेल का, हे प्रश्न त्याच्या मनात असतात आणि तो ते बोलून दाखवत नाही. त्याची एकेक अडचण आपण घरूनच सोडवून निघायचं.

अर्जाची मुदत संतेच्या बरीच आधी संपते, म्हणून दिवाळीच्या सुमारासच परिषदेच्या घोषणेवर लक्ष ठेवा. कामाचे फोटो चांगल्या उजेडात, सरळ रेषेत काढलेले तयार असू द्या. ओळखपत्र आणि अर्जाची पोच यांच्या कागदी प्रती पिशवीत हव्यात, फोनमध्ये आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

मग न्यायची चित्रं निवडा. एक-दोन मोठी कामं हवीतच, कारण लांबून माणूस त्यांच्याकडे बघून वळतो. पण पैसे मोजून नेलं जातं ते बहुधा लहान काम, जे हातात धरून मेट्रोत किंवा स्कूटरवर बसता येतं. जलरंगाचा पूर्ण कागद २२ बाय ३० इंचांचा असतो, अर्धा १५ बाय २२, पाव ११ बाय १५. माझ्या मते निम्म्याहून जास्त चित्रं पाव आकाराची किंवा त्याहून लहान असावीत. प्रत्येकाला स्टँडर्ड मापाचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावून घ्या, म्हणजे घेणाऱ्याला त्याच्या गल्लीतल्या दुकानातही तयार फ्रेम मिळेल. प्रिंट विकणार असाल तर त्यांचा गठ्ठा वेगळा ठेवा आणि वर ‘प्रिंट’ असं ठळक लिहा. मूळ चित्र आणि प्रिंट एकमेकांत मिसळून ठेवणं ही नव्या माणसाची फसवणूक आहे, मग ती हेतू नसताना झालेली का असेना.

निघण्यापूर्वी प्रत्येक चित्राचा फोटो काढा, मागे पेन्सिलने नंबर घाला आणि तोच नंबर वहीत उतरवा: नाव, माध्यम, माप, वर्ष, किंमत.

किंमत ठरवताना चौरस इंचाचा हिशोब सोपा पडतो. समजा दर १५ रुपये धरला, तर अर्ध्या कागदाच्या ३३० चौरस इंचांचे ४,९५० रुपये होतात आणि पाव कागदाचे २,४७५. लहान चित्रांना दर थोडा चढा लावावा लागतो, कारण डोकं आणि दिवस तेवढेच जातात. फ्रेमचा खर्च वेगळा धरा आणि चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहा, फ्रेमसह आणि फ्रेमशिवाय. ही किमतीची चिठ्ठी प्रत्येक चित्राला लावायचीच. ‘विचारतील तेव्हा सांगू’ असं म्हणणाऱ्या कलाकारांशी माझं अजिबात पटत नाही. संकोची माणूस विचारत नाही, पुढे जातो. आणि ज्याने विचारलं त्याच्या कपड्यांकडे बघून आकडा सांगण्याचा मोह तरी आपल्याला कशाला हवा?

घासाघीस होणारच. ‘स्वल्प कम्मी माडि’, म्हणजे ‘थोडं कमी करा’, हे दिवसभर कानावर पडेल. कुठल्या चित्राला किती खाली यायचं ते आदल्या रात्री वहीत लिहून ठेवा, उन्हात दमल्यावर ठरवलेला आकडा बरोबर नसतो. एका चित्राचा भाव पाडण्यापेक्षा दोन घेणाऱ्याला सूट द्यावी. आणि शेवटच्या तासात उरलेला माल निम्म्या भावात काढायचा नाही. सकाळी ज्याने पूर्ण किंमत मोजली तो संध्याकाळी परत चक्कर मारतो आणि त्याच चित्रकाराचं तशाच आकाराचं चित्र निम्म्यात गेलेलं बघतो. त्याने आपल्यावर टाकलेला विश्वास तिथेच संपतो.

आता बांधाबांध. यात हयगय झाली तर पुढचं सगळं वाया, म्हणून हे काम घाईत करू नका. अॅक्रिलिकच्या चित्रावर बबल रॅप थेट गुंडाळू नका. बसच्या डिकीत उष्णतेने रंगाचा थर मऊ पडतो आणि बुडबुड्यांचे गोल ठसे त्यावर उमटतात, ते नंतर जात नाहीत. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, मग पुठ्ठा. कॅनव्हास गुंडाळून न्यायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड पाइपवर गुंडाळा. रंग आत ठेवला तर थर दाबला जाऊन तडकतो. काचेच्या फ्रेम शक्यतो टाळा आणि अॅक्रिलिक शीट लावून घ्या. काच न्यावीच लागली तर तिच्यावर मास्किंग टेपची फुली मारा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. फ्रेम नेहमी उभ्या ठेवून न्या, आडव्या रचल्या की खालच्या काचेवर सगळा भार येतो.

मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने जाणार असाल तर सामानाचं माप आधी बघा. डब्यात सोबत न्यायच्या पेटीला १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटरची मर्यादा आहे आणि स्लीपरला ४० किलोपर्यंत सामान तिकिटातच येतं. पूर्ण कागद साधारण ७६ बाय ५६ सेंटीमीटरचा, म्हणजे बिनफ्रेमचे पूर्ण कागद या मापाच्या सपाट पेटीत नीट बसतात. माउंट आणि फ्रेम चढवली की मात्र बसत नाहीत. म्हणून मोठी चित्रं बिनफ्रेमची न्या आणि एखादीच मोकळी फ्रेम बेंगळुरूतल्या ओळखीच्या माणसाकडे आधी पोचवा.

मांडणीचं सामान बहुतेक जण शेवटी आठवतात, पण दिवसाची लढाई तिथेच असते. रस्त्यावर तुम्हाला भिंत नसते, आणि परिषदेच्या किंवा शेजारच्या घरांच्या कुंपणाला आपल्या मनाने खिळे ठोकायचे नसतात. घडी होणाऱ्या लोखंडी जाळ्या, त्यांना जोडायला केबल टाय, अडकवायला एस आकाराचे हुक, मोठ्या काळ्या क्लिपा, सुतळी, कटर, कात्री, हातोडी, पांढरा दोरा. हे सगळं एकाच डब्यात असावं आणि डबा सगळ्यांत वर. स्टँड वाऱ्याने पडतो तेव्हा चित्रांसकट पडतो, म्हणून पायांना वजन बांधा. विटा शोधत फिरण्यापेक्षा पाच लिटरचे रिकामे कॅन न्यावेत आणि तिथे पाण्याने भरावेत. प्रत्येकाचं पाच किलो वजन होतं आणि परतताना काहीच वाहावं लागत नाही. वजन जमिनीलगत आणि घट्ट बांधायचं, लोंबकळतं वजन वाऱ्याबरोबर हलून स्टँडलाच धक्के देतं.

सावलीसाठी निळी ताडपत्री नेऊ नका. तिच्याखाली सगळी चित्रं निळसर दिसतात, जलरंगातली पिवळी माती (यलो ऑकर) तर मेल्यासारखी दिसते आणि घरी गेल्यावर चित्र वेगळंच निघतं. साधा मांजरपाट आणा. वर बांधला तर उजेड गाळून देतो, मागे ताणला तर जाळीतून दिसणारी गर्दी झाकतो आणि चित्र एकदम उठून दिसतं. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून जागा मिळाल्यावर चित्रांची पाठ दक्षिणेला येईल अशी जाळी वळवता येते का ते बघा. फोनमधलं होकायंत्र त्याला पुरतं.

सकाळी लवकर हवेत गारवा आणि दमटपणा असतो. प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद केलेला कागद उन्हात आला की पाकिटाला आतून वाफ धरते. वरची झडप थोडा वेळ उघडी ठेवा आणि ऊन चढल्यावर लावा. पाऊस येणार नाही असं गृहीत धरू नका, सगळी जाळी झाकेल एवढं जाड प्लॅस्टिक घडी करून जवळ ठेवा.

आता त्या पहिल्यांदा घेणाऱ्या माणसाचं सामान. प्रत्येक फ्रेमच्या मागे कड्या आणि दोरी घरूनच लावलेली हवी. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे छोटे गोळे चिकटवा, म्हणजे चित्र आणि भिंत यांत बोटभर नाही तरी हवा खेळण्याइतकी फट राहते. आपल्याकडे कोल्हापुरात किंवा कोकणात पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि बुरशी मागून कागदात शिरते, हे ज्याने पाहिलं आहे तो हे गोळे कधी विसरणार नाही. चित्र आत घालायला दणकट कागदी पिशव्या, मोठ्या मापासाठी पुठ्ठे आणि सुतळीची मूठ. सोबत एक छापील चिठ्ठी द्या, इंग्रजी आणि जमल्यास कन्नडमध्ये: चित्राचं नाव, माध्यम, कागद, वर्ष, तुमची सही, फोन नंबर आणि ‘थेट ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका’ ही एक ओळ.

‘रंग उडणार नाही ना?’ याचं खरं उत्तर द्यायचं तर तयारी चित्र रंगवतानाच करावी लागते. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचा. पीआर ८३ म्हणजे जुनं अलिझरिन क्रिमझन, ते उजेडात फिकं पडतं. झगझगीत गुलाबी तर त्याहून कच्चे. विकायच्या चित्रात हे रंग वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. चार-पाच वर्षांनी ज्याच्या भिंतीवर संध्याकाळचं आकाश राखाडी होतं, तो पुन्हा कुठल्याच चित्रकाराकडे जाणार नाही.

पैशांचं थोडक्यात. क्यूआर कोड छापून दोन ठिकाणी लावा. गर्दीत नेटवर्क दमतं, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिम जवळ ठेवा आणि पैसे जमा झाल्याची खात्री पटल्याशिवाय चित्र बांधायला घेऊ नका. शंभर आणि पन्नासच्या नोटांचे सुटे न्या. कार्बनचं पावती पुस्तक हवंच. मूळ चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, पण परराज्यात जाऊन विकताना नोंदणीचे नियम घरच्या विक्रीपेक्षा वेगळे लागतात. सीएकडे एकदा बसून ते समजून घ्या. पावतीवर एक ओळ छापून घ्या की पुनर्मुद्रणाचा हक्क चित्रकाराकडे राहील. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकलं म्हणून कॉपीराइट जात नाही, तो लेखी करारानेच देता येतो. ओळ असली की उद्या कुणी कॅलेंडर छापायला निघाला तर बोलायला सोपं जातं.

एकट्याने जाऊ नका. कुणीच मिळालं नाही तर पोचल्यावर पहिलं काम शेजारच्या कलाकाराशी ओळख करून घेण्याचं, कारण जेवायला आणि बाथरूमला जाताना चित्रं त्याच्याच भरवशावर असतात. डब्यात दशम्या आणि कोरडी चटणी ठेवा. तेलकट भाजी नको, तेलाचं एक बोट माउंटला लागलं की माउंट गेला. हात पुसायला वेगळा नॅपकिन, टोपी, भरपूर पाणी. स्टूल उंच आणा. जमिनीलगत बसलात तर येणाऱ्याला वाकून बोलावं लागतं आणि तो बोलणं टाळतो.

शक्य असेल तर तिथेच एखादं चित्र रंगवत बसा. रंग पाण्यात पसरताना पाहायला लोक थांबतात आणि लहान मुलं तर हलतच नाहीत. त्या मुलांना बाजूला करू नका, त्यांच्यामुळे आईवडील थांबलेले असतात. ‘फिरून येतो’ म्हणणाऱ्याला कार्ड द्या आणि त्यावर चित्राचा नंबर लिहून द्या, शेकडो स्टॉलमधून त्याला तुमची जागा परत सापडायला हवी.

काही जण समोरच्या चित्राऐवजी ‘असंच, पण आमच्या गावच्या देवळाचं’ काढून मागतील. त्यासाठी वहीची मागची पानं मोकळी ठेवा. माप, कागद, कधीपर्यंत द्यायचं, कुरिअरचा खर्च कुणाचा, हे तिथल्या तिथे लिहून दोघांची सही घ्या आणि निम्मी रक्कम इसार म्हणून घ्या. देवळाचा फोटो त्यांच्याकडून त्याच वेळी फोनवर मागवून घ्या, घरी पोचल्यावर पाठवतो म्हणणाऱ्यांचे फोटो क्वचितच येतात.