सुट्टीसाठी ट्रेलर घेताना या चुका टाळा

शनिवार-रविवारी चिखलदरा आणि लांब सुट्टीत ताडोबा किंवा नागझिरा, अशा बेताने राहण्याचा ट्रेलर घेणारे बहुतेक जण आधी आत शिरून पलंग, ओटा आणि संडास-बाथरूम पाहतात. निवडीची सुरुवात मात्र तो ओढणाऱ्या गाडीपासून व्हायला हवी.

सर्वांत महागात पडणारी चूक वजनाची आहे. विक्रेता सांगतो ते वजन बहुधा रिकाम्या ट्रेलरचे असते. 900 किलोच्या ट्रेलरमध्ये 80 लिटर पाणी भरले की 80 किलो तिथेच वाढतात, आणि गॅस, भांडी, अंथरूण-पांघरूण व चार माणसांचे सामान धरले तर आकडा 1,100 किलोंच्या पुढे सहज जातो. म्हणून ट्रेलरच्या पाटीवरचे कमाल भारित वजन आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ओढण्याच्या मर्यादेत बसते का, हे तपासावे. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी ही मर्यादा वेगवेगळी असते. पुस्तिकेत आकडाच नसेल तर गाडीच्या कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. ‘आरामात ओढते’ या तोंडी आश्वासनावर एवढा मोठा व्यवहार करू नये.

वजन मर्यादेत असूनही तोल चुकतो. उलार झालेल्या बैलगाडीचे जू जसे वर उचलले जाते, तसा मागे जड सामान भरलेला ट्रेलर गाडीची मागची बाजू हलकी करतो आणि वेग वाढताच दोन्ही बाजूंना झुलू लागतो. गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या हुकावर येणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. मात्र गाडीच्या आणि हुकाच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळावी. ट्रेलर झुलू लागला तर जोरात ब्रेक दाबू नये आणि वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, आणि थांबल्यावर जड सामान चाकांच्या आसाजवळ, किंचित पुढे घ्यावे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल, तर लांबलचक ट्रेलरचा मोह टाळलेलाच बरा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसी हवाच, पण तो बॅटरीवर रात्रभर चालेल ही समजूत चुकीची आहे. एक टनाचा एसी सुरू असताना तासाला साधारण एक युनिट वीज घेतो, तर 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीत सगळी मिळून 1.2 युनिट वीज असते. त्यामुळे मुक्कामाच्या जागी वीजजोडणी आणि ट्रेलर वळवण्याइतकी जागा आहे का, हे आधी विचारावे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वावरात ट्रेलर उतरवू नये. मुरुमाची किंवा पक्की जागाच शोधावी.

जुना ट्रेलर घेताना छताचे सांधे आणि खिडक्यांखालची भिंत हाताने दाबून पाहावी; ती मऊ लागली तर आत पाणी मुरलेले असण्याची शक्यता मोठी असते. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचावेत: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगतची झरोक्याची जाळी बुजवलेली नाही ना, हेही पाहावे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या व्याख्येत ट्रेलरही येतो, तेव्हा त्याची स्वतंत्र नोंदणी पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. शेवटी आपल्याच गाडीला जोडून वीसेक किलोमीटर चालवावा आणि थांबून प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात नेऊन पाहावा. एक चाक इतरांपेक्षा फार तापले असेल, तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक दुरुस्त झाल्यावरच भावाचे बोलावे.