विषमतेचा आकडा ग्रुपवर आला की फॉरवर्ड करायच्या आधी काय बघायचं

2025 च्या जुलैत सगळीकडे फिरलं होतं बघा, भारत जगातला चौथा सगळ्यात समान देश, गिनी (विषमतेचं माप, 0 म्हणजे सगळे सारखे, 100 म्हणजे सगळं एकाकडे) 25.5. आणि त्याच ग्रुपवर कोणीतरी लगेच टाकलं की वरच्या 1 टक्क्याकडे देशाची 40 टक्के संपत्ती आहे. मग जुंपली. गंमत म्हणजे दोन्ही आकडे कुठून तरी हवेतून आलेले नाहीत, दोन्हीला आधार आहे, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

तर पहिलं काम, आकडा खर्चाचा आहे, उत्पन्नाचा की संपत्तीचा ते शोधा. निम्मी भांडणं इथंच मिटतात. समजा एका सोसायटीत साहेब महिन्याला 3,60,000 कमावतात आणि घरखर्च 90,000, बाकी सगळं ईएमआय आणि एसआयपीत जातं. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरात सगळे मिळून 18,000 येतात आणि 18,000 च जातात. खर्च बघितला तर फरक 5 पट, उत्पन्न बघितलं तर 20 पट, आणि संपत्ती बघायला गेलात तर साहेबांच्या नावावर फ्लॅट आहे आणि मावशी भाड्याच्या खोलीत, तिथं पट काढायचीच सोय नाही. ईएमआय, एसआयपी हे खर्चाच्या सर्व्हेत खर्च म्हणून धरतच नाहीत, त्यामुळे श्रीमंत माणूस त्यात आहे त्यापेक्षा बराच साधा दिसतो.

तो 25.5 म्हणजे 2022-23 च्या खर्चाचा गिनी, वर्ल्ड बँकेने एका टिपणात दिलेला. 2011-12 ला तो 28.8 होता, म्हणजे खर्चातली दरी कमी झाली असं हा आकडा सांगतो आणि ते उगाच खोडून काढायची गरज नाही. पण बँकेच्या त्याच टिपणात उत्पन्नाचा गिनी 2004 ला 52 आणि 2023 ला 62 असंही दिलंय आणि विषमता कमी मोजली गेली असेल हेही म्हटलंय. ते कोणी फॉरवर्ड केलं नाही.

देशांची तुलना असेल तर अजून सांभाळून. ब्राझीलचा गिनी उत्पन्नावर काढतात, आपला खर्चावर, आणि मग आपण ब्राझीलला हरवलं म्हणून खूश व्हायचं, याला काय अर्थ आहे?

दुसरं, सर्व्हेवाला कोणाच्या दारात पोचला असेल याचा विचार करा. वस्तीत तो थेट आत जाऊन बसतो, चहाही मिळतो, टॉवरच्या गेटवर मात्र वॉचमन इंटरकॉम लावतो आणि वरून नाही म्हणतात. 2022-23 च्या घरखर्च सर्व्हेत शहरातल्या वरच्या 5 टक्क्यांचा माणशी महिन्याचा सरासरी खर्च 20,824 रुपये आलाय, खालच्या 5 टक्क्यांचा 2,001. म्हणजे साधारण 10 पट. आता पुण्या-मुंबईत एका पोराची शाळेची फीच महिन्याला याच्या पुढे जाते अशी घरं तुम्हालाही माहीत असतील, ती यात किती आली असतील तुम्हीच ठरवा.

पण 40 टक्केवाला आकडा पण डोळे झाकून घेऊ नका हं. तो वर्ल्ड इनइक्वालिटी लॅब या विषमतेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचा 2022-23 चा अंदाज आहे, संपत्तीत 40.1 आणि उत्पन्नात 22.6 टक्के वाटा वरच्या 1 टक्क्याचा. टॅक्सचे आकडे, सर्व्हे, अब्जाधीशांच्या याद्या असं सगळं जोडून काढलेला, त्यात गृहीतकं भरपूर. मला स्वतःला दिशा पटते, दशांश चिन्हानंतरचा आकडा नाही पटत.

सरासरीचं तर बोलायलाच नको. महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न म्हटलं की मुंबई, ठाणे, पुणे सगळं वर ओढतात आणि नंदुरबार, गडचिरोली, वाशीम त्यात दिसेनासे होतात. बजेटच्या आधी राज्याची आर्थिक पाहणी येते, त्यात जिल्हावार तक्ता असतो, पीडीएफ फुकट आहे. आपला जिल्हा काढा आणि राज्याच्या सरासरीशेजारी ठेवून बघा.

आणि ग्रुपवर उत्तर द्यायचंच असेल तर मोठा लेख नको, तीनच प्रश्न टाका: कशाचा आकडा, कोणत्या वर्षाचा, आणि ज्या देशाशी तुलना केलीय त्याचा पण त्याच गोष्टीचा आहे का. समोरच्याला माहीत नसेल तर तो लिंक शोधायला जाईल, तोवर तुम्ही जेवून घ्या.