कोस्ट गार्डमध्ये नाविक जीडी व्हायचंय? चिल्काच्या ट्रेनिंगला जायच्या आधी घरी काय तयारी करायची

भरतीची जाहिरात आली की किनाऱ्यावरच्या गावांतली पोरं पहाटे उठून पळायला लागतात, टेस्ट सिरीज लावतात, मेडिकलला काय काय बघतात याची चौकशी करतात. हे सगळं बरोबरच आहे, पण तयारीचा एक मोठा भाग जवळजवळ सगळ्यांचाच राहून जातो. कोस्ट गार्डचं काम म्हणजे समुद्रावर कायदा राखायचं काम. हलत्या बोटीवर चढायचं, वरच्या माणसांशी बोलायचं, कागद तपासायचे, खण उघडून बघायचे आणि जे दिसलं ते नीट लिहून द्यायचं. हे शिकवतात ट्रेनिंगमध्येच, पण त्याला लागणाऱ्या सवयी घरी बसून, एक पैसा न घालवता लावता येतात. म्हणून परीक्षा आणि मैदान पटकन सांगतो, आणि मग या भागावर सविस्तर बोलूया.

आधी पात्रता. नाविक जीडीला (म्हणजे जनरल ड्युटी) बारावी पास पाहिजे आणि त्यात मॅथ्स आणि फिजिक्स दोन्ही पाहिजेत, वय १८ ते २२ (एससी-एसटीला ५ वर्षं, ओबीसीला ३ वर्षं सवलत). म्हणजे हा निर्णय खरं तर अकरावीच्या ॲडमिशनला घ्यायचा असतो, मॅथ्स सोडून नुसती बायो घेतली की जीडीचा दरवाजा बंद. डिप्लोमावाल्यांसाठी यांत्रिक (तांत्रिक कामाचं पद) आहे, फक्त दहावी असेल तर डोमेस्टिक ब्रँच (स्वयंपाकघर वगैरेची कामं). आजवर नाविकच्या जाहिराती मुलांसाठीच आल्यात, मुलींनी ग्रॅज्युएशन करून असिस्टंट कमांडंटचा रस्ता धरावा, तिथे महिला अधिकारी आहेत. बाकी जाहिरातीतले नियम बदलत असतात तेव्हा ताजी जाहिरात स्वतः उघडून पूर्ण वाचा, मित्राने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर फॉर्म भरू नका.

परीक्षा कॉम्प्युटरवर असते. पहिला भाग दहावीच्या लेव्हलचा, ६० प्रश्न ४५ मिनिटांत, दुसरा बारावीच्या मॅथ्स-फिजिक्सचा, ५० प्रश्न ३० मिनिटांत. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मराठी मीडियमच्या पोरांना दुसऱ्या भागात फिजिक्स येत असतं पण वेळ पुरत नाही, कारण पेपर इंग्लिश-हिंदीत वाचावा लागतो. तेव्हा आतापासून संज्ञा इंग्लिशमधूनच वाचा, संवेग म्हणजे मोमेंटम, जडत्व म्हणजे इनर्शिया, असं डोक्यात आपोआप बसलं पाहिजे.

मैदानात १.६ किमी ७ मिनिटांत, २० उठाबशा आणि १० पुशअप्स. ४०० मीटरच्या ग्राउंडचे चार राउंड झाले, म्हणजे एका राउंडला १ मिनिट ४५ सेकंद मिळतात. ऐकायला सोपं वाटतं, पण रात्रभर रेल्वेतून आलेलं शरीर आणि डोक्यावर ऊन असताना पळायचं असतं, म्हणून घरी सरावात ६ मिनिटांच्या आसपास यायची सवय करा आणि थांबल्या थांबल्या लगेच उठाबशा-पुशअप्स काढा. पहिल्याच आठवड्यात डांबरी रस्त्यावर रोज पळून नडग्या दुखवून घेऊ नका. माती, मैदान, आणि किनारा असेल तर ओली घट्ट वाळू बरी. दहा पुशअप्सवर समाधान मानू नका, कारण पुढे दोराच्या शिडीवरून चढावं लागतं आणि तिथे काम येतात ती बोटं, मनगटं आणि पाठ. पुलअप्स मारा, झाडाला दोर बांधून लोंबकळा, पाण्याची भरलेली कळशी हातात घेऊन चाला. पकड वाढली पाहिजे.

पोहण्याबद्दल जरा थांबून सांगतो. विहिरीत उडी मारून शिकलेल्या पोराला पाण्याची भीती नसते, ती फार मोठी गोष्ट आहे, पण बहुतेकांना मान वर काढून हात आपटत पोहायची सवय असते आणि त्यात माणूस लवकर दमतो. चार गोष्टी घटवून घ्या: तोंड पाण्यात ठेवून श्वास बाहेर सोडणं, पाठीवर शांत तरंगणं, एका जागी पाय मारत उभं राहणं, आणि हाफपँट-टीशर्ट अंगावर असताना हे सगळं करणं. जवळ तलाव असेल तर एक सीझन कोच लावाच, पैसे वाया जात नाहीत. आणि एकट्याने कधीही नाही. खाडीत नाही, पावसाळी समुद्रात तर अजिबात नाही.

मेडिकलला डोळे, कान, दात, गुडघे, तळपाय, रंग ओळखणं सगळं बघतात. उंची किमान १५७ सेंमी. कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या (घरी काड्या घालू नका), दातांवरचं किटण साफ करून घ्या, या साध्या गोष्टींपायी लोकांना परत बोलावलं जातं. जत्रेतला टॅटू काढायच्या आधी हजार वेळा विचार करा, कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची मागची बाजू सोडून दुसरीकडे कायमचा टॅटू चालत नाही, आदिवासी समाजाच्या परंपरेतल्या गोंदणाला सूट आहे तेवढीच.

कागदपत्रं ही आपल्याकडची खरी डोकेदुखी. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पुढे, आधारवर नाव पुढे, कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं अक्षर, कुठे जन्मतारीखच वेगळी. जाहिरात यायची वाट न बघता सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा आणि आधार दुरुस्त करून घ्या, दहावीचं मार्कशीट हाच पाया धरायचा. ओबीसीवाल्यांनी केंद्र सरकारच्या नमुन्यातलाच दाखला काढायचा, राज्याचा इथे चालत नाही, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघायचं. राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या भरतीत नाही, त्या मुलांनी ईडब्ल्यूएसच्या निकषात बसतो का ते तहसीलला विचारावं. आणि कुणी 'चिल्कापर्यंत सेटिंग आहे' म्हणत पैसे मागायला आला तर त्याला दारात उभं करू नका. एवढ्याश्या गावांत माणसं जमीन गहाण ठेवून असल्या दलालांना पैसे देतात, बघवत नाही.

आता मूळ मुद्दा.

कोस्ट गार्ड १ फेब्रुवारी १९७७ ला अंतरिम स्वरूपात उभं राहिलं आणि १९७८ च्या कोस्ट गार्ड कायद्याने त्याला रीतसर रूप आलं. त्या कायद्याचं कलम १४ शोधून वाचा, कामं काय काय आहेत ते तिथे दिलंय: मच्छीमारांना संरक्षण, संकटात मदत, समुद्राचं प्रदूषण रोखणं, स्मगलिंग रोखायला कस्टम्सला मदत, सागरी हद्दीतले कायदे अमलात आणणं. मग समुद्राच्या हद्दी पाठ करा. १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, २४ पर्यंत संलग्न पट्टा, २०० पर्यंत आर्थिक क्षेत्र. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. नुसते आकडे घोकून उपयोग नाही, नकाशावर आपल्या गावासमोर पट्टीने मोजून बघा आणि कुठल्या पट्ट्यात कुणावर काय कारवाई करता येते ते समजून घ्या, कारण परदेशी मच्छीमार बोट, ड्रग्ज घेऊन चाललेला धाऊ (लाकडी मालवाहू बोट) आणि बंदीच्या काळात बाहेर पडलेला आपलाच ट्रॉलर या तिघांना लागणारे कायदे वेगवेगळे आहेत. परदेशी बोटींच्या मासेमारीला १९८१ चा केंद्राचा कायदा, ड्रग्जला १९८५ चा एनडीपीएस, आणि आपल्या राज्यातल्या मासेमारीला महाराष्ट्राचा स्वतःचा सागरी मासेमारी नियमन कायदा.

एक केस मुळापासून वाचा असं मी प्रत्येकाला सांगतो, अलोंड्रा रेनबो. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ॲल्युमिनियम घेऊन निघालेलं हे जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियाजवळ चाच्यांनी पळवलं, खलाशांना समुद्रात सोडून दिलं, आणि जहाजावरचं नाव रंगवून मेगा रामा करून टाकलं. नोव्हेंबरमध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर कोस्ट गार्डच्या ताराबाई जहाजाने त्याचा पाठलाग केला, नंतर नौदलाचं जहाज आलं आणि १५ जण पकडले गेले. मुंबईत खटला चालला, २००३ मध्ये शिक्षा झाली, आणि २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांना सोडलं. त्या वेळी आपल्याकडे चाचेगिरीचा वेगळा कायदाच नव्हता, तो २०२२ मध्ये आला. ही केस वाचली की कळतं, भर समुद्रात पाठलाग करून जहाज पकडणं हे अर्धंच काम आहे, पुढे ते सगळं कोर्टात उभं करायचं असतं आणि तिथे प्रत्येक वेळ, प्रत्येक जागा, प्रत्येक वस्तू कुठे सापडली याची नोंद लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानच्या समुद्रात एका म्यानमारच्या बोटीवर पाच हजार किलोंपेक्षा जास्त मेथ हे ड्रग सापडलं. एवढ्या मालाची मोजणी, सीलिंग, पंचनामा कुणीतरी बसून करतंच ना.

म्हणून एक वही घाला आणि बघायची सवय लावा. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, ससून डॉक, जे जवळ असेल त्या बंदरावर जाऊन आत येणारी एक बोट निवडा. दोन मिनिटं फक्त बघा, मग पाठ फिरवून लिहा: किती वाजता, कुठल्या दिशेने आली, रंग कुठला, आयएनडी-एमएच ने सुरू होणारा नंबर काय, डेकवर माणसं किती, जाळं कुठलं, बोट पाण्यात किती खाली बसलेली, डावीकडे झुकलेली का उजवीकडे. मग परत वळून तपासा. सुरुवातीला नंबरच चुकतो आणि माणसं एक-दोनने कमी-जास्त लागतात, रोज केलं की महिन्याभरात फरक दिसतो. लिहिताना जे पाहिलं तेवढंच लिहायचं. 'खलाशी घाबरलेला होता' हे तुमचं मत झालं, 'खलाशी तीनदा इंजिनरूमकडे बघत होता' ही नोंद झाली. वेळ २४ तासांत लिहा, सहा-दहा म्हणू नका, १८१० म्हणा. फोटो काढत बसू नका, आणि नौदल, पोर्ट, जेट्टीच्या मनाई असलेल्या भागात घुसू नका, नाहीतर सरावाच्या नादात पोलीस व्हेरिफिकेशनलाच लफडं व्हायचं.

बोट आतून माहीत पाहिजे. ओळखीतल्या तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) विचारून एक दिवस बोटीवर घालवा, इंजिन कुठे, डिझेलची टाकी केवढी, बर्फाचा खण किती खोल, रेशन कुठे ठेवतात, लाइफ जॅकेट किती, कागद कुठल्या डब्यात. पाच-सहा दिवस बाहेर राहिलेल्या बोटीवर किती बर्फ, किती डिझेल उरायला हवं आणि मासळी साधारण किती असायला हवी याचा अंदाज तांडेल चुटकीसरशी सांगतो. पुढे एखाद्या बोटीवर चढल्यावर काहीतरी जुळत नाहीये, आठवडाभर समुद्रात आहे म्हणतात आणि जाळं कोरडं आहे, हे लक्षात येणार ते या अंदाजावरूनच. ज्यांच्या घरात मासेमारी आहे त्या पोरांकडे हे ज्ञान आधीच आहे, फक्त त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही म्हणून तीही ते मोजत नाहीत. गाठी शिका: बोलाईन, क्लोव्ह हिच, शीट बेंड. जाळं विणताना घरात जी गाठ मारतात ती शीट बेंडच असते, फक्त आता डोळे मिटून, ओल्या दोराने मारता आली पाहिजे.

बोलणंही सरावाचंच आहे. बोर्डिंगला, म्हणजे तपासणीसाठी बोटीवर चढल्यावर, समोरचा माणूस बहुतेक वेळा साधा मच्छीमार असतो, गुजरातचा, तामिळनाडूचा, नाहीतर आपलाच कोळी भाऊ, पोटासाठी बाहेर पडलेला. २६ नोव्हेंबर २००८ नंतर किनारी सुरक्षेची जबाबदारी कोस्ट गार्डवर वाढली, आणि समुद्रावर संशयास्पद काय दिसतं ते सांगणारा पहिला माणूस हाच मच्छीमार आहे. त्याच्याशी ताठ पण आदराने बोलता आलं पाहिजे. हिंदी साफ करा, लहान वाक्यात, इंजिनच्या आवाजात ऐकू जाईल असं बोला. रेडिओवर अक्षरं सांगायचे अल्फा, ब्राव्हो, चार्ली हे शब्द पाठ करून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर त्यात वाचत जा. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबर चॅनल आणि मदतीचा १५५४ हा नंबर कशासाठी आहे ते घरच्यांनाही सांगून ठेवा.

बोट लागते, उलट्या होतात म्हणून घाबरू नका, अनुभवी लोकांनाही होतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची बोट पकडा, नाहीतर तांडेलाबरोबर जा. रिकाम्या पोटी जाऊ नका, तेलकटही खाऊ नका, बोटीच्या मधल्या भागात उभे राहा, मोबाइल खिशात ठेवा आणि नजर क्षितिजावर.

निवड झाली की आयएनएस चिल्का, ओडिशात, सरोवराच्या काठी. मुंबईहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस त्याच बाजूने जाते. तिथे शेवटचं मेडिकल होतं आणि मूळ कागदपत्रं जमा होतात, त्यामुळे प्रत्येक कागदाच्या साक्षांकित झेरॉक्स दोन वेगळ्या बॅगांत ठेवा आणि स्कॅन करून घरी एकाकडे द्या. निघायच्या महिनाभर आधीपासून पहाटे साडेचारला उठायचं, स्वतःचे कपडे हाताने धुवायचे, इस्त्री करायची, बटण लावायचं, रोज दाढी करायची. मोबाइल कधी मिळेल कधी नाही हे घरी आधीच समजावून सांगा, म्हणजे दोन दिवस फोन आला नाही की आई रडत बसत नाही. आणि नवीन बूट घेऊन जाणार असाल तर ते आधी दोन-तीन आठवडे रोज घालून पळा, पायाला फोड आले तर घरी येऊ देत, तिथे परेड चुकवता येत नाही.