‘डबल छपाई’चं नाणं घेताय? आधी भिंग काढा

भुसावळच्या बाजारात कुणी पाच रुपयांचं नाणं ‘डबल छपाई’ म्हणून, म्हणजे अक्षरं दोनदा उमटलेलं म्हणून, शंभराला देऊ लागलं, तर पाकिटाआधी दहापट भिंग काढा.

नाणं तिरप्या उजेडात हळूहळू फिरवा. दुसरं अक्षर सपाट, पायरीसारखं, चकचकीत दिसतंय आणि त्यापायी मूळ अक्षर बारीक झालंय? मग ठोका पडताना सैल ठसा (नाण्यावर अक्षरं उमटवणारा साचा) हललाय, एवढंच. जादा पैसे देऊ नका.

दोन्ही अक्षरं गोलसर, उठावदार, एकूण जाडी वाढलेली, टोकाशी खाच? मग ठसाच दुहेरी, म्हणजे साच्यावरच अक्षरं दोनदा; हीच खरी ‘डबल छपाई’. माझा भरवसा खाचेवरच जास्त. १९५५ चा अमेरिकी सेंट असाच. त्यावरचं साल नुसत्या डोळ्यांनीही दोनदा दिसतं.

नाणं चिंचेनं मात्र घासू नका, भाव पडतो.