विद्यापीठात सेवक-नेतृत्व राबवताना या चुका टाळा

अमेरिकन व्यवस्थापन-विचारवंत रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी 1970 मध्ये सेवक-नेतृत्वाची, म्हणजे नेत्यानं आधी आपल्या माणसांची सेवा करावी ही कल्पना मांडली, तेव्हा तिची कसोटीही सांगितली: हाताखालची माणसं अधिक शहाणी, अधिक स्वावलंबी होतात का? आपल्याकडे ही कसोटी गळते आणि ‘साहेब स्वभावानं चांगले’ एवढंच उरतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कर्मचाऱ्याचं काम स्वतः उरकून टाकणं. निकाल लागला की परीक्षा विभागात बीड, जालना, धाराशिवहून आलेली मुलं गुणपत्रिका दुरुस्तीसाठी ताटकळतात. लिपिक अडखळला की कक्ष अधिकारी त्याला बाजूला सारून स्वतःच बसतात. तो दिवस निभावतो, पण साहेब रजेवर गेले की टेबल ठप्प. लिपिकाला लॉगिन वेळेत मिळवून द्या, बिघडलेल्या प्रिंटरचा पाठपुरावा करा, नवं परिपत्रक नुसतं सही घेऊन फिरवू नका, समजावून सांगा. मग शेजारी बसा, पण टिप्पणी त्यालाच लिहू द्या. पहिले काही दिवस रांग लांबेल. लांबू द्या.

दुसरी चूक सांभाळून घेण्याची. उशिरा येणाऱ्याला रोज सूट दिली की त्याचा भार वेळेवर येणारीवर पडतो, आणि तीच आधी वैतागते. कारण विचारा. तालुक्याहून येणारी एसटीच उशिरा पोचत असेल, तर सकाळचा काउंटर दुसऱ्याला द्या. नुसती सवय असेल तर एकांतात स्पष्ट बोला, मग लेखी समज द्या. वर्षभर गप्प बसून गोपनीय अहवालात शेरा मारणं ही सेवा नाही, हा भित्रेपणा आहे.

सफाई आणि सुरक्षेची कंत्राटी माणसं तर या चर्चेत नसतातच. त्यांचा पगार थकला की ‘ते एजन्सीचं आहे’ म्हणून हात झटकतात. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्यानं मुख्य मालकावर, म्हणजे संस्थेवर येते. आणि एजन्सीचं बिल आपल्याच टेबलावर तर अडलं नाही ना, हे आधी बघा!

कामगिरी मोजायची तर उशिरापर्यंत कोण बसतं हे मोजू नका. अर्जाची आवक तारीख आणि उत्तराची जावक तारीख, यांतलं अंतर दर महिन्याला कर्मचाऱ्यांसोबत बसून पाहा. फाइल लिपिकाकडे किती दिवस होती आणि तुमच्या सहीसाठी किती दिवस पडून होती, हे वेगवेगळं लिहा.